मदत हवी आहे: सक्तीच्या मतदानाच्या बाजूने बोलायचंय, पण तारवट्यांचं (बोटीवरच्या खलाशांचं) काय?

नमस्कार मंडळी,

आमच्या डिचोलीकडे वाचनालयाची वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'मतदान सक्तीचे असावे'. मी अनुकूल बाजू घेतली आहे, कारण मला ते मनापासून पटतं.

मताची किंमत गोंयकाराला सांगायला नको. १९६७ च्या जनमत कौलात ३४,०२१ मतांच्या फरकाने गोवा महाराष्ट्रात विलीन न होता वेगळा राहिला. आपले मतदारसंघही एवढेसे, की २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल अवघ्या ७६ मतांनी लागला. एखाद्या वाड्यावरची माणसं घरी बसली तरी आमदार बदलतो. सगळ्यांनीच यायचं ठरलं, तर आपली माणसं गाड्या भरून आणायची आणि दुसऱ्यांची घरी बसवायची, या खटपटीला अर्थच उरणार नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सक्ती केली की ती सरकारवरही येते. दंड करायचा तर आधी मत देण्याची सोय हवी. आज ८५ वर्षांवरच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना १२-डी फॉर्म भरून घरबसल्या मत देता येतं, सैनिकांना टपालाने देता येतं. पण व्यापारी जहाजांवरच्या, क्रूझवरच्या तारवट्यांना यातलं काहीच नाही. माझा मामेभाऊ बोटीवर असतो. निवडणूक लागली की त्याची आई यादीतलं नाव दाखवून विचारते, याचं मत कोण देणार? मला ते फार लागतं.

अडचण इथेच आहे. समोरची बाजू म्हणेल, समुद्रात असलेल्याला दंड लावणार का? शिवाय गुजरातचा कायदा काढतील. स्थानिक निवडणुकांसाठी केलेल्या त्या सक्तीला २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, आणि त्याच वर्षी विधी आयोगानेही सक्ती नको म्हटलं. 'नोटा' असताना सक्ती फक्त हजेरीची होते, कुणाला निवडायची नव्हे, असं मी म्हणणार आहे. एवढं पुरेल का? बाहेरच्या देशांत काय करतात?

प्रतिसाद

ताई, ऑस्ट्रेलियात १९२४ पासून सक्ती आहे. तिथे दंड २० डॉलर, पण मतदानाच्या दिवशी देशाबाहेर असणं हे सबळ कारण धरतात. म्हणजे समुद्रातल्या माणसाला दंड नाही, हे आधीच सांगून टाका.

'नोटा'वर मात्र सगळा भार टाकू नका. मत न देणं हीसुद्धा अभिव्यक्तीच, असं ते म्हणतील आणि तुम्ही तिथेच अडकाल. त्यापेक्षा तारवट्यांचा मुद्दा पुढे घ्या. सैनिकांना २०१६ पासून मतपत्रिका इंटरनेटवरून पाठवतात, ते ती छापून, खूण करून टपालाने परत धाडतात. बोटीवर इंटरनेट असतं, बोट बंदराला लागली की टपालही जातं. हीच सोय खलाशांना द्या आणि मगच सक्तीचं बोला, असा क्रम मांडा. पत्रिका मोजणीपर्यंत वेळेत पोचेल का, हे नक्की विचारतील. त्याचं उत्तर तयार ठेवा.