दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षा: बसवावं की नाही?

मुलुंडची_आई: लेक तिसरीत आहे, भांडुपला कराटेच्या क्लासला जाते. मागच्या परीक्षेत पांढऱ्याचा पिवळा बेल्ट झाला, आता रविवारी नारिंगीची परीक्षा. फी बाराशे. पैशांचं काही नाही (थोडं आहे). पण मागच्या वेळी चाळीस मुलं बसली आणि चाळीसच्या चाळीस पास! आमच्या बाईसाहेबांनी काता (ठरलेल्या हालचालींचा क्रम) करताना मधेच भलतीकडे तोंड केलं, तरी ‘ए’ ग्रेड. या वेळी बसवू नये असं मला वाटतं. नवरा म्हणतो, हिरमुसेल.

दादरकर_काका: बेल्ट म्हणजे फी घ्यायची दुसरी खिडकी. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात जाऊन मल्लखांब बघा. कुठला पट्टा आणि कुठलं सर्टिफिकेट! पकड आली की नाही ते खांबच सांगतो.

ओस_ओस: काका, खांबावरून घसरलेलं पोर सगळ्यांना दिसतं. कराटेत पवित्रा चुकला तर आई-बापाला काय कळणार? त्यासाठी परीक्षा. आणि हे काल निघालेलं फॅड नाही. ज्युडोच्या जिगोरो कानोंनी १८८३ मध्ये पहिले ‘दान’ (म्हणजे वरच्या, ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या) दिले, फुनाकोशींनी १९२४ मध्ये तीच पद्धत कराटेत आणली.

दादरकर_काका: दान ठीक. हे रंगीत पट्ट्यांचं इंद्रधनुष्य कुणाचं? ते रूढ केलं ज्युडोच्याच कावाइशींनी, पॅरिसमध्ये, १९३० च्या दशकात. शिष्यांचा धीर सुटू नये म्हणून! आता त्याच गाजराचे आपल्याकडे बाराशे.

ओस_ओस: आठ वर्षांच्या पोराला गाजर नको तर काय, गीतेचा दुसरा अध्याय?

परळची_ब्लॅकबेल्ट: मी ब्राऊनला नापास झाले होते. काता जिथून सुरू केला तिथेच संपायला हवा. सरांनी जमिनीवर खडूने फुली मारली होती, मी दीड हात लांब संपले. बाकी पंच, किक, कुमिते (समोरासमोरची लढत) सगळं झकास, तरी नापास. घरी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. सहा महिने तोच काता घोटला. त्या पट्ट्याची किंमत मला अजून वाटते ती त्या फुलीमुळे. तेव्हा परीक्षा जरूर द्यावी, पण आधी सरांना विचारा, शेवटचं नापास कोण झालं? आठवायला वेळ लागला तर क्लास बदला.

हॉलचं_भाडं: माझा भाऊ शिकवतो म्हणून सांगतो. एका बॅचला तिघांना नापास केलं, पुढच्या महिन्यात सात मुलं गळली. तिघांबरोबर त्यांचे मित्रही गेले. आणि हॉलवाला भाडं मागताना कुणाचा काता बघत नाही. नापास करायचं धैर्य पालकांनीही दाखवावं की!

परळची_ब्लॅकबेल्ट: हे मात्र खरं आहे. माझी आई सरांशी भांडायला निघाली होती, आजोबांनी अडवलं.

मुलुंडची_आई: विचारलं सरांना. म्हणाले, “मॅडम, आम्ही नापास करत नाही, तयारी नसेल त्याला बसवतच नाही.” मग हिला कसं बसवताय, विचारलं तर हसले. संध्याकाळी हॉलमध्ये फरशीवर खडूने फुली मारली. चार वेळा केलं तिने, चारही वेळा सोफ्यापाशी जाऊन थांबली. आता पाचव्यांदा करतेय, मला बघू देत नाहीये. फॉर्म अजून फ्रीजवरच आहे.