रॅमसोर्स मिल, १७८० : स्वातंत्र्याचा विजय की भाऊबंदकी?

तांबडा_मुरूम :
अमेरिकन क्रांती म्हटलं की आपल्याला बोस्टनचा चहा, वॉशिंग्टन आणि लाल कोटातले इंग्रज आठवतात. पण नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिमेला २० जून १७८० ला जी लढाई झाली तिच्यात ब्रिटिश फौज नव्हतीच. रॅमसोरची पाणचक्की, जवळच्या टेकडीवर जॉन मूरने जमवलेले तेराशेच्या आसपास राजनिष्ठ (इंग्रज राजाच्या बाजूचे स्थानिक वसाहतवाले), त्यातल्या पाव लोकांकडे बंदूकसुद्धा नाही, आणि सकाळच्या धुक्यात त्यांच्यावर चालून आलेले कर्नल फ्रान्सिस लॉकचे चारशे पेट्रियट, म्हणजे स्वातंत्र्याच्या बाजूचे. गणवेश कुणालाच नाही म्हणून पेट्रियटांनी टोपीत पांढरा कागद खोचला, राजनिष्ठांनी हिरवी डहाळी. संगिनी नाहीत, मग अंगाला अंग भिडल्यावर बंदुकीच्या दस्त्यांनी डोकी फोडली, आणि समोर कोण तर शेजारी, सोयरे, ओळखीपाळखीचे. दोन्हीकडचे मिळून सत्तरेक मेले, दोनशेच्या आसपास जखमी. बरेचसे मुडदे टेकडीवरच एका खड्ड्यात पुरले. याला स्वातंत्र्याचा विजय म्हणून मिरवणं मला पटत नाही, ही सरळ यादवी होती आणि हरलेल्यांना गद्दार ठरवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गडकोट :
अजिबात सहमत नाही. यादवी होती हे कोण नाकारतंय, पण म्हणून ती निरर्थक कशी ठरते? १२ मे ला साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन बंदर इंग्रजांच्या हाती पडलं होतं, दक्षिणेतली अमेरिकन फौज कैदेत गेली होती, आणि ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसचा सगळा हिशोब असा की आपण उत्तरेकडे सरकू तेव्हा स्थानिक राजनिष्ठ उठतील, माणसं आणि धान्य पुरवतील. त्याने मूरला निरोपही तसाच दिला होता, पीक घरात येईपर्यंत गप्प बसा. मूरने ऐकलं नाही, आधीच माणसं गोळा केली, आणि लॉकच्या शेतकऱ्यांनी पेट्रियट जनरल रदरफोर्डची मोठी तुकडी यायची वाटही न पाहता तिप्पट जमावावर हल्ला करून तो उधळून लावला. मूर जेमतेम तीसेक लोकांनिशी कॅम्डनच्या ब्रिटिश छावणीत पोचला. पुढे जानेवारी १७८१ मध्ये कॉर्नवॉलिस याच चक्कीपाशी तळ ठोकून होता, तेव्हा अमेरिकन जनरल ग्रीनचा पाठलाग करायला हलकं व्हावं म्हणून त्याने स्वतःच्या सामानाच्या गाड्या जाळल्या. माणसं आणि दाणागोटा देणारा मुलूख पाठीशी असता तर ही पाळी आली असती का? (हाच कॉर्नवॉलिस १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणहून तोफा फोडून माघारी फिरला तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या रसदीने त्याची फौज तरली. रसदीचं दुखणं त्याचं जुनंच.)

तांबडा_मुरूम :
रसदीचा मुद्दा मान्य पण राजनिष्ठ संपले हे कसं म्हणता? साडेतीन महिन्यांनी, ७ ऑक्टोबरला, किंग्ज माउंटनच्या लढाईत ब्रिटिश मेजर फर्ग्युसनच्या हाताखाली हजाराच्या वर राजनिष्ठ उभे होतेच की. आणि तिथे काय झालं तेही सांगा ना, शरण आलेल्यांवर गोळ्या चालल्या, नंतर नऊ जणांना फाशी दिलं. रॅमसोर भागातले कितीतरी जण जर्मन कुटुंबांतले. पेनसिल्व्हेनियामार्गे आलेल्या जर्मनांनी तर फिलाडेल्फियाला उतरतानाच राजाशी इमान राखायची शपथ घेतलेली. दिलेला शब्द पाळला, हा गुन्हा?

पाणवठा :
दोघंही अर्धंच बोलताय. गडकोट, तुमचा रदरफोर्ड १७७६ मध्ये चेरोकी या मूळच्या आदिवासींची गावं आणि उभी पिकं जाळत फिरला होता, ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. राजाने १७६३ ला अ‍ॅपलाचियन डोंगररांगेपलीकडे वस्ती करायला बंदी घातली होती, तो राग या सीमेवरच्या लोकांच्या डोक्यात पक्का होता. स्वातंत्र्य हवं होतं हे खरं, पण जमीनही हवी होती, आणि ती दुसऱ्या कुणाची तरी होती. चेरोकी वगळून ही गोष्ट सांगितलीत तर मग विजय म्हणा नाहीतर यादवी, अपुरीच राहणार.

गडकोट :
पाणवठा, चेरोकींवर अन्याय झाला, त्यावर माझा वाद नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन. पण २० जूनला टेकडीवर प्रश्न तो नव्हता.
मुरूमसाहेब, शपथेचं म्हणाल तर शपथ घेऊन घरी बसलेल्यांना कुणी गद्दार म्हणत नाहीये, मूरचे लोक छावणी टाकून बसले होते. आणि गप्प राहायची सोय इंग्रजांनीच मोडली, ३ जूनला ब्रिटिश सरसेनापती क्लिंटनने साउथ कॅरोलायनात फर्मान काढलं की पॅरोलवर (पुन्हा लढणार नाही या वचनावर) सुटून घरी बसलेल्यांनीही आता राजाची बाजू घ्यायची, नाहीतर बंडखोर ठरवू. राहता राहिलं किंग्ज माउंटन, फर्ग्युसनचे बरेचसे राजनिष्ठ साउथ कॅरोलायनाच्या नाइंटी सिक्स नावाच्या भागातले होते. रॅमसोरच्या टेकडीवर जमले होते तसे तेराशे त्या भागात पुन्हा कधी एकत्र आले ते दाखवा, मी माझं म्हणणं मागे घेतो.

तांबडा_मुरूम :
नाही आले, कारण त्यातले कित्येक घरी परतलेच नाहीत आणि उरलेल्यांना शेजाऱ्यांची दहशत बसली होती. घाबरून गप्प बसलेला मुलूख तुम्ही स्वातंत्र्याच्या बाजूने मोजताय, माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे.