हलाल बर्गरच्या दुकानात : काय विचारावं, काय बघावं? (अनुभव धागा)

धागाकर्ती, बर्मिंगहॅम
ब्रिटनमधल्या हलाल स्मॅश बर्गरच्या (खिम्याचा गोळा तव्यावर दाबून पातळ पॅटी करतात तो बर्गर) दुकानांत आपली मराठी मंडळीही बरीच जातात. त्यांत बीफ न खाणारे असतात, शाकाहारीही असतात. 'मस्त होतं', 'बकवास होतं' एवढंच नको. पुढच्याला काउंटरवर उपयोगी पडेल असं लिहा.

लेस्टरकर
'हलाल' ही पाटी म्हणजे एकच गोष्ट नव्हे. इथे हलालचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची दोन नावं जास्त दिसतात, एचएमसी आणि एचएफए. एचएमसी कापण्याआधी जनावराला बेशुद्ध करणं अजिबात मान्य करत नाही. एचएफएला ते चालतं, पण बेशुद्ध करताना जनावर मरता कामा नये. ज्यांना हा फरक महत्त्वाचा आहे त्यांनी प्रमाणपत्र बघावं. त्यावरचं दुकानाचं नाव, पत्ता आणि मुदत वाचा. 'आमचा खाटीक सर्टिफाइड आहे' म्हणजे दुकान सर्टिफाइड असं होत नाही.

तवा_आणि_उलथणं
पॅटीबद्दल. खिम्यात साधारण २० टक्के चरबी हवी, गोळा ६० ते ८० ग्रॅमचा आणि फ्रिजमधून थेट तव्यावर. तवा २०० अंशांच्या वर. गोळा टाकल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबायचा. नंतर दाबलं तर वितळलेली चरबी बाहेर जाते आणि पॅटी कोरडी पडते. कडा तपकिरी झाल्या की धारदार पात्याने खरवडून उलटायची, वर लगेच चीज. मीठ तव्यावरच. खिम्यात आधी मळलं तर मांस चिवट होतं, सॉसेजसारखं लागतं. गर्दीच्या वेळी एकदम वीस गोळे पडले की तवा थंडावतो, पॅटी भाजण्याऐवजी पाण्यात उकडते. करड्या, मऊ कडा दिसल्या की समजा हेच झालंय.

जाड पॅटी मागवली आणि आत गुलाबी निघाली तर परत द्या. खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून मध्यभागी ७० अंश दोन मिनिटं, असा इथला सरकारी सल्ला आहे. स्टेकचं, म्हणजे अखंड तुकड्याचं, गणित बर्गरला लागू नाही.

बीफ_नको
चिकन बर्गर मागवून निर्धास्त होऊ नका. चिकन फ्रायरमध्ये तळलं तरी पाव बहुतेक ठिकाणी त्याच बीफच्या तव्यावर भाजतात, चरबीसकट! 'पाव टोस्टरमध्ये द्या, किंवा भाजूच नका' असं ऑर्डर देतानाच सांगायचं. 'बेकन' लिहिलेलं असेल तर ते टर्की किंवा बीफचं असतं, कुठलं ते विचारा. बीफचं असेल तर जास्त भाजल्यावर चामड्यासारखं होतं, त्यामुळे बीफ खाणाऱ्यांनी ते सोडलं तरी फारसं नुकसान नाही.

धागाकर्ती, बर्मिंगहॅम
आणि शाकाहाऱ्यांनी?

बीफ_नको
ताई, चिप्स आधी. काही दुकानं बीफच्या चरबीत तळतात, बाकीच्यांकडे तेल असलं तरी त्यातच चिकन तळलेलं असतं. 'व्हेज फ्रायर वेगळा आहे का' हा एकच प्रश्न पुरे. हलूमी चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) असू शकतं, शेकमधल्या मार्शमेलोत जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं). हलाल जिलेटिन बहुधा गाईगुरांचं असतं, म्हणजे मुसलमान गिऱ्हाइकाला चालतं आणि आपल्याला नाही.

भायखळा_टू_ब्रॅडफर्ड
मुंबईत हिशोब वेगळा. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिथे बर्गर म्हशीच्या मांसाचा, म्हणजे 'बफ'चा. हे मांस कमी चरबीचं. नुसतं दळून केलेली पॅटी भुसभुशीत, कोरडी होते, वरून चरबी घालावीच लागते. कांदा-मसाला घालून शामी कबाबसारखी केलेली पॅटी चविष्ट असते, पण तिला स्मॅश म्हणू नये.

लेस्टरकर
राहिलंच. रमजानमध्ये इफ्तारच्या आधी-नंतरचा तासभर टाळा, वर लिहिलेली थंड तव्याची भानगड तेव्हाच होते. पार्सल घेतलंत तर डब्याचं झाकण लगेच किलकिलं करा. दहा मिनिटांत वाफेने पाव ओला होतो आणि चिप्स लुळे पडतात. सॉस वेगळा मागा. दारावरचा स्वच्छतेचा स्टिकरही बघा, ० ते ५. वेल्समध्ये तो लावणं सक्तीचं आहे, इंग्लंडमध्ये नाही, त्यामुळे इंग्लंडात स्टिकर दिसला नाही तर फोनवर दुकानाचं नाव टाकून आकडा शोधा.