मदत हवी आहे : साथीच्या काळातील निवासी उन्हाळी शिबिर

नमस्कार. कोविडची साथ पुरती ओसरलेली नसताना 8 ते 14 वयोगटातील मुलांचे निवासी शिबिर आखण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. 2020 च्या जूनमध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या एका शिबिरात मुलांना मुखपट्टीची सक्ती नव्हती, खिडक्या बंद असत आणि रोज मोठ्याने गाणी व घोषणा चालत. तेथे चाचणीचा निकाल मिळालेल्या 344 जणांपैकी 260 जण बाधित निघाले. त्याच उन्हाळ्यात मेन राज्यातील चार शिबिरांनी मात्र येण्यापूर्वी व आल्यानंतर चाचण्या करून आणि मुलांचे ठरावीक गट ठेवून प्रसार रोखला.

दिवसा मैदानावर गट वेगळे ठेवणे जमेल. खरी अडचण झोपण्याच्या खोल्यांची आणि जेवणाची आहे, कारण तेथे मुखपट्टी काढावीच लागते. खाटांमध्ये अंतर ठेवून खिडक्या रात्रभर उघड्या ठेवल्या, तर दम्याच्या मुलांसाठी वेगळी काय काळजी घ्यावी? ताप आलेल्या मुलाला पालक येईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवताना ते घाबरू नये म्हणून सोबत कोणी व कसे थांबावे? शिवाय काही पालक (हे लिहिताना संकोच वाटतो) तापाचे औषध देऊन मुलाला पाठवतात. प्रवेशापूर्वीच्या तपासणीत हे कसे ओळखता येईल? अनुभवी संयोजकांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी कृपया सविस्तर लिहावे.