परदेश ट्रिपचा शेवटचा दिवस आणि मुंबई ते नाशिक : तुमचे अनुभव लिहा

परवाच बँकॉकहून आलो. 16 जण, सगळे गंगापूर रोडचे नातेवाईक नाहीतर शेजारी. फिरलो काय, खाल्लं काय ते सगळे विचारतात, पण कोण कसंय ते कळतं शेवटच्या दिवशी. 12 ला चेक आऊट, रात्री 8 चं विमान, मधले तास लॉबीत बॅगांवर बसून काढले. काट्याला बॅगा लटकवून बघितल्या तर माझी 17 किलो, काकूंची 24, मग काय, त्यांच्या हिरव्या तेलाच्या बाटल्या आणि सुकवलेला आंबा माझ्या बॅगेत. सुवर्णभूमी एअरपोर्टला पासपोर्टवर शिक्का झाला की पुढे समुद्रमंथनाचा मोठ्ठा देखावा आहे, देव, दैत्य, वासुकी सगळं, तिथे आमच्या बायका हात जोडून ज्या उभ्या राहिल्या की गेटवर पळत जावं लागलं. थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, म्हणून साडेचार तास उडूनही मुंबईत 11 लाच उतरलो. काका खूश, दीड तास फुकट मिळाला म्हणे! तो भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये गेला. मुंबईवाले उतरले की घरी, आपलं अजून अर्धं बाकी असतं. तुमचंही लिहा.

*

आमचे बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांबरोबर दुबईला गेलो होतो, मी बॅगा उचलायला. शेवटच्या दिवशी उरलेले दिरहम बदलायला काउंटरवर गेलो तर हे सहा म्हातारे प्रत्येक नोट उजेडाला धरून वॉटरमार्क बघतायत, कागदावरून बोट फिरवतायत, धागा कुठे आहे ते एकमेकांना दाखवतायत. मागे रांग, काउंटरवरचा मुलगा हैराण, त्याला वाटलं आपण खोट्या नोटा खपवतोय. नाणी त्याने घेतलीच नाहीत, ती अजून आमच्या देवघरातल्या वाटीत आहेत.

*

सिंगापूर. चांगी एअरपोर्टच्या ज्वेल मॉलमधला तो 40 मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या आधीच बघून घ्यावा लागतो, आत गेलं की गेलं. सगळे बघून निघाले, मोजले तर एक कमी. मामा तिथेच बसलेले, फोनचा पॅक सकाळीच संपलेला. सापडल्यावर म्हणतात, "आपल्या दुगारवाडीला पावसात भिजावं लागतं रे, इथे एसीत बसून बघतोय." चिडायचं होतं, पण हसू आलं. वर माझी पॉवर बँक चेक इनच्या बॅगेत राहिलेली, नाव पुकारून बोलावलं, सगळ्यांसमोर बॅग उघडली आणि वरती अर्धा किलो कोंडाजी चिवडा. आठ दिवस कोणी हात लावला नव्हता त्याला.

*

टिपचं कोणीच लिहिलं नाही? आमच्यात टूर मॅनेजरला किती द्यायचे यावरून एअरपोर्टच्या बसमध्ये जी भांडणं झाली, आठ दिवस जे एका ताटात जेवत होते ते नाशकात द्वारका सर्कलला उतरताना बाय पण म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो टाकायला मात्र सगळे हजर.

*

वर ट्रॅफिकचं लिहिलंय त्यांना, पुढच्या वेळी भिवंडीजवळ आमण्याला समृद्धी महामार्गावर चढा आणि इगतपुरीला उतरा, जून 2025 पासून सुरू आहे, 8 किलोमीटरचा बोगदा लागतो आणि कसारा घाट टळतो. एअरपोर्ट ते आमणे मात्र देव जाणे, ते कोणी सोडवू शकत नाही. आणि खरं सांगू, मला घाटच आवडतो. पहाटे चारला गार वारा आला, ड्रायव्हरने चहाला थांबवलं, तेव्हा आलो असं वाटतं. बोगद्यात काय वाटणार?

*

आमच्या टूरवाल्यांनी सगळ्यांना एकसारख्या निळ्या बॅगा दिल्या होत्या, तेव्हा केवढं कौतुक. मुंबईच्या पट्ट्यावर 30 निळ्या बॅगा, झोपेत दिसेल ती उचलली. पंचवटीत पहाटे पाचला घरी पोचलो, दाराची किल्ली बॅगेत, बॅग उघडली तर आत कोणाचे तरी सफारी सूट आणि गुडघ्याचा पट्टा. शेजारच्यांकडे दुसरी किल्ली होती म्हणून बरं. आमची बॅग गेलेली सिडकोत, त्यांनी तोवर उघडलेली, वरतीच हॉटेलच्या शाम्पूच्या 11 छोट्या बाटल्या, माझी बायको लाजेने तिकडे यायलाच तयार नाही. मी गेलो, बॅगा बदलल्या, चहा झाला. शाम्पूचं त्यांनी काही विचारलं नाही, मीही त्यांच्या बॅगेतल्या हॉटेलच्या टॉवेलचं काही काढलं नाही.