मदत हवी आहे: घर घ्यायला फीनिक्स, कोलंबस की पिट्सबर्ग?

आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत, भाड्याने राहतो. दोघंही आयटीत, दोघंही एच१बीवर (नोकरीशी बांधलेला व्हिसा), ग्रीन कार्डाची रांग काही हलत नाही. इथल्या किमती आणि प्रॉपर्टी टॅक्स बघून बाहेर पडायचं ठरलंय. कुठे जायचं यावर मात्र घरात रोज वाद. पुढची वीसेक वर्षं तरी बरे दिवस असतील असं शहर हवंय.

नवऱ्याचं मत फीनिक्सला. तैवानच्या टीएसएमसीचा चिपचा कारखाना सुरू झालाय, शेजारच्या चँडलरला चिप बनवणारी इंटेल आधीपासून आहे, शिवाय नणंद तिथेच. मला धास्ती पाण्याची. कोलोरॅडो नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्यातून आणायचं, आणि त्या नदीचं वाटप १९२२ च्या करारात झालं तेच मुळात आहे त्यापेक्षा जास्त पाणी धरून! २०२३ मध्ये ॲरिझोनाने, म्हणजे फीनिक्सच्या राज्याने, त्या भागात केवळ भूजलावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींच्या मंजुऱ्या थांबवल्या. त्याच उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला. मी लातूरची. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आईबाबा तिथेच होते. नवरा पुण्याचा, त्याला हे सांगून कळत नाही.

मी म्हणते कोलंबस. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर: इंटेलने २०२२ मध्ये तिथे कारखाना जाहीर केला, आता २०३०-३१ वर ढकललाय, त्या भरवशावर घर घेणार का? पिट्सबर्ग दोघांनाही आवडलं, पण १९५० मधली पावणेसात लाखांची वस्ती २०२० मध्ये तीन लाखांवर आलेली बघून हात आखडतो.

तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद
ताई, फीनिक्स म्हणजे सगळं एकच धरू नका. शहराला सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचंही पाणी आहे. फीनिक्स, चँडलर यांच्याकडे १०० वर्षांच्या पाणीपुरवठ्याची राज्याची मान्यता आहे. अडचण झाली ती बकाय, क्वीन क्रीक या बाहेरच्या गावांकडच्या नव्या बांधकामांची. उन्हाचं मात्र खरंय, जून ते सप्टेंबर मुलं घरातच.

प्रतिसाद
तुम्ही एच१बीवर आहात ना? मग शहराचं भविष्य नंतर, आधी हे बघा की नोकरी गेली तर व्हिसावर मिळणाऱ्या ६० दिवसांच्या मुदतीत दुसरी त्याच गावात मिळेल का. नाहीतर घर विकून पळापळ. कोलंबसला इंटेल नाही आलं तरी चेस बँकेचं मोठं ऑफिस आहे, नेशनवाइड विमा कंपनी, औषधं पुरवणारी कार्डिनल हेल्थ, ओहायो स्टेट विद्यापीठ आहे. एकाच कारखान्याच्या नावावर घर घेऊ नका, मग तो टीएसएमसीचा का असेना. पिट्सबर्गला पोलाद गेलं, पण आज गाव चालतं ते हॉस्पिटलांवर आणि कार्नेगी मेलन विद्यापीठावर. आयटीवाल्याला तिथे पर्याय कोलंबसपेक्षा कमीच वाटले मला.

धागाकर्ती
६० दिवसांचा मुद्दा नवऱ्याला वाचून दाखवला, पहिल्यांदाच गप्प बसला! आता कोलंबसमध्ये नेमकं कुठे बघावं? डब्लिन की पॉवेल? मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल.