ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) बघायला जाणाऱ्यांसाठी: अनुभवाच्या चार गोष्टी इथे लिहा

सांजवात
लडाखमधल्या हानलेच्या तांबड्या आकाशाचा फोटो आज पुन्हा समोर आला आणि मे २०२४ चं सौर वादळ आठवलं. ऑरोरा बघायला नॉर्वेतल्या ट्रोम्सोला निघालेल्यांसाठी हा धागा. सप्टेंबर ते मार्चअखेर जा, उन्हाळाभर तिथे काळोखच पडत नाही.

उत्तरायण
केपीचा (पृथ्वीच्या चुंबकीय खळबळीचा ० ते ९ निर्देशांक) आकडा कमी दिसला म्हणून झोपू नका! तो तीन तासांचा आणि अख्ख्या पृथ्वीचा असतो. ट्रोम्सो ६९.६ अंशांवर, ऑरोराच्या पट्ट्याखालीच. केपी २ लाही दिसतो. लक्ष बीझेडवर, म्हणजे सौर वाऱ्याच्या (सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताच्या) चुंबकीय क्षेत्राच्या उत्तर-दक्षिण घटकावर ठेवा. तो उणे ५ नॅनोटेस्लाच्या खाली अर्धा तास टिकला की जॅकेट चढवा. उणे असताना सौर वाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या उलट दिशेचं असतं, दोन्ही जोडली जातात आणि ऊर्जा आत शिरते. मोजणारे उपग्रह सूर्याच्या दिशेने १५ लाख किमीवर आहेत, म्हणजे हाताशी अर्धा ते एक तास.

घाटवाट
+१, पण आधी ढग बघा. किनाऱ्यावर ढग असतील तर फिनलंडच्या दिशेने आत जायचं. स्वीडनचं अबिस्को डोंगरांच्या आडोशाला, तिथे आकाश जास्त वेळा मोकळं मिळतं.

तिखटमीठ
फोटो: ट्रायपॉड, एफ २.८, आयएसओ १६००, ८ सेकंद. ऑरोराचे पडदे वेगाने हलत असतील तर २-३ सेकंद आणि आयएसओ ३२००, नाहीतर नुसता हिरवा चिखल येतो. ऑटोफोकस बंद, ठळक ताऱ्यावर हाताने फोकस. जादा बॅटरी आतल्या खिशात. खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच पिशवीत घट्ट बंद करा आणि तासभर उघडू नका, लेन्सवर दव धरतं.

रोहिणी_पुणे
ऑरोरा फिकट असला तर डोळ्यांना राखाडी ढगासारखाच दिसतो, निराश होऊ नका. मोबाइलने फोटो काढून खात्री करा. पण हानलेला तांबडा का?

उत्तरायण
ताई, ऑक्सिजनचा हिरवा १०० ते १५० किमीवर, तांबडा २०० च्या वर. लांबून बघताना खालचा भाग क्षितिजाआड जातो, उंचावरचा तांबडाच उरतो. तांबडा प्रकाश सोडायला अणूला जवळपास दोन मिनिटं लागतात. खाली दाट हवेत तेवढ्यात दुसरा कण आदळतो आणि प्रकाश पडतच नाही.

अलिबागकर
विषय निघालाच आहे तर, २ सप्टेंबर १८५९ च्या सौर महावादळाची चुंबकीय नोंद आपल्या कुलाबा वेधशाळेत झाली होती! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली ती मोजणी अलिबागला हलवली.

सांजवात
वा! यावर वेगळा धागा काढाच.

घाटवाट
दक्षिण ध्रुवाकडचा ऑरोरा बघायला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला कुणी जाणार असेल तर होबार्ट शहराच्या दक्षिणेला जाऊन थांबा, म्हणजे शहराचा उजेड पाठीमागे राहतो. तिथे मात्र केपी चांगला ५-६ हवा.

तिखटमीठ
आणि बुटांत दोन जाड मोजे कोंबू नका. पाय आवळला की रक्त फिरत नाही, जास्त गारठतो. लोकरीचा एकच जोड, बूट एक नंबर मोठा.

रोहिणी_पुणे
लोकरीचे चांगले मोजे पुण्यात कुठे मिळतील?